सर्व्हिस डायल: ओळखायची कशी, बसवायची कशी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुन्या मनगटी घड्याळांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी सगळ्यात जास्त विचारणा डायलचीच आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (सांगली): काकांचं ओमेगा सीमास्टर माझ्याकडे आलं आहे. साधारण १९६३ चं आहे, मशीनवर ५५२ हा आकडा आहे. डायल मात्र कोरी करकरीत दिसते. एक दुकानदार म्हणतो ‘सर्व्हिस डायल’ आहे, दुसरा म्हणतो ‘रिडायल’. दोन्ही एकच का? घरबसल्या ओळखता येईल?

उत्तर: एकच नाही. सर्व्हिस डायल म्हणजे कंपनीनेच दुरुस्तीचा सुटा भाग म्हणून नंतर पुरवलेली डायल. घड्याळ १९६३ चं आणि डायल १९८० ची किंवा २००० नंतरची, असं होऊ शकतं. रिडायल म्हणजे मूळचीच पितळी चकती, पण जुना रंग आणि छपाई घासून काढून पुन्हा रंगवलेली. तिसराही एक प्रकार आहे: कंपनीशी संबंध नसलेल्या कोणीतरी छापलेली नक्कल, जिला बाजारात ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. सर्व्हिस डायल हा खरा भाग आहे, फक्त मूळचा नाही. तिच्यात फसवणूक नाही. विकताना ते न सांगणं ही फसवणूक.

दहापट मोठं दाखवणारी आयग्लास, बारीक टॉर्च आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च एवढं हाताशी असलं तर बरंच कळतं. सुरुवात सहाच्या आकड्याखालच्या ओळीपासून करा. नुसतं ‘स्विस मेड’ असेल आणि डायलवर किंवा काट्यांवर चमकणारा ठिपका कुठेच नसेल, तर या ओळीवरून काही ठरत नाही. पण चमकणारे ठिपके आहेत आणि तरी ‘टी’ हे अक्षर नाही, तर थांबा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्विस डायलवर ट्रिशियम (ठिपके चमकवणारं किरणोत्सर्गी द्रव्य) वापरत आणि त्याची खूण म्हणून पुष्कळदा ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ छापत. ट्रिशियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. १९६० च्या दशकातलं ट्रिशियम आज अंधारात चमकत नाही, टॉर्च मारली तर काही क्षण उजळतं आणि लगेच मावळतं. तुमच्या डायलचे ठिपके टॉर्च विझवल्यावरही बराच वेळ हिरवट तेवत राहिले, तर ते नंतरचं ल्युमिनोव्हा आहे, म्हणजे उजेड साठवून चमकणारा, किरणोत्सर्ग नसलेला रंग. कंपनीची डायल असेल तर ती १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतरची सर्व्हिस डायल, नाहीतर कोणीतरी ठिपके नव्याने भरले आहेत.

आता छपाई बघा. कारखान्यातली छपाई पॅडने, म्हणजे शाई उचलून उमटवणाऱ्या मऊ गादीने होते. अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि शाईला किंचित उंचवटा असतो. रिडायलमध्ये अक्षरं जाड होतात, ‘सीमास्टर’च्या पहिल्या अक्षराची शेपटी आखूड किंवा वाकडी येते, मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या पट्ट्या एका सरळीत बसत नाहीत. पट्ट्यांच्या बुडाशी रंग साचलेला दिसला, म्हणजे पट्ट्या न काढताच वरून रंग फवारला आहे. हे कारखान्यात कधीच घडत नाही. डायलच्या कडेला कानसीने केलेली बारीक खाच दिसली तर संशय आणखी वाढतो, कारण पुन्हा छापताना चकती साच्यात सरळ बसावी म्हणून अशी खाच करतात. फक्त खाचेवरून मात्र निकाल देऊ नका.

शेवटची साक्ष डायलच्या पाठीवर असते, त्यासाठी डायल उतरवावी लागते. मूळ डायल आणि सर्व्हिस डायल या दोन्हींच्या पाठीवर डायल बनवणाऱ्याचा ठसा असू शकतो. ओमेगा आणि रोलेक्ससाठी काम करणाऱ्या ‘सिंगर’ कारखान्याचा ठसा पुष्कळदा सापडतो. रिडायलच्या पाठीवर सुईने कोरलेले कामाचे आकडे, घासल्याचे ओरखडे, पायांभोवती (डायल मशीनमध्ये बसवणाऱ्या पाठीवरच्या दोन बारीक खुंट्यांभोवती) रंगाचे शिंतोडे दिसतात. पाठ काळपट, एकसारखी जुनी आणि पुढची बाजू नवी कोरी, असं असेल तर ती रिडायल आहे असं समजायला हरकत नाही. पुढून-मागून सारखीच नवी असेल तर सर्व्हिस डायल किंवा नक्कल.

प्रश्न (पुणे): माझ्या सीमास्टरचं मशीन ५६५ आहे, तारीखवालं. ऑनलाइन एक छान सर्व्हिस डायल मिळते आहे, पण विकणारा म्हणतो ती ५५२ ची आहे. मशीनचं कुटुंब एकच असल्याने बसेल, असं तो सांगतो. स्वतः बसवायची म्हटलं तर काय काळजी घ्यावी?

उत्तर: घेऊ नका. ५५२ ला तारीख नाही, म्हणून त्या डायलला खिडकीच नाही. तुमची तारखेची चकती डायलखाली फिरत राहील आणि दिसणार नाही. उलट प्रकार, म्हणजे ५६५ ची डायल ५५२ वर, याहून वाईट. खिडकीतून मशीनचा उघडा पत्रा दिसतो आणि काट्यांची उंची जुळत नाही, कारण तारीखवाल्या मशीनमध्ये तारखेच्या यंत्रणेची जास्तीची जाडी असते आणि तिच्या वर काटे पोचावेत म्हणून कॅनन पिनियन (मिनिट काटा बसतो ती नळी) आणि अवर व्हील (तास काट्याचं चाक) उंच असतात.

डायल विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडून पाठीचा फोटो मागवा, त्यात मोजपट्टी शेजारी ठेवलेली असू दे. चार गोष्टी जुळायला हव्यात: पायांची जागा, डायलचा व्यास, मधल्या भोकाचा (आणि छोटा सेकंद असेल तर सहाजवळच्या भोकाचाही) व्यास, आणि खिडकीची जागा. पाय नेमके कुठे हवेत ते आपल्या जुन्या डायलवरून काढा. ती पालथी ठेवा, वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरा, मधलं भोक आणि दोन्ही पायांवर बारीक पेनने ठिपके मारा आणि बाराची दिशाही खुणावा. हा तुकडा नव्या डायलच्या पाठीवर ठेवून बघायचा. पाय समोरासमोर नसतात, मुद्दाम थोडे तिरके ठेवलेले असतात, म्हणून ‘दोन पाय आहेत, दोन भोकं आहेत’ एवढ्यावर भागत नाही. व्यासात दशांश मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा. डायल मोठी असली तर केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या डबीत) अडकते, लहान असली तर कडेला फट दिसते.

आता बसवणी. ऑटोमॅटिक घड्याळ दोन-तीन दिवस न हलवता ठेवलं की स्प्रिंगचा दाब आपोआप उतरतो. मागचं झाकण उघडून स्टेम, म्हणजे चावीची दांडी, सोडवा. कुठे छोटा स्क्रू असतो, कुठे दाबायचं बटण. स्क्रू असेल तर तो एक-दीड फेऱ्याच सैल करायचा. पूर्ण काढला तर आतला सेटिंग लिव्हर (दांडी धरून ठेवणारा भाग) सुटतो आणि तो परत बसवायला डायलखालचं सगळं उघडावं लागतं. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मशीन बाहेर काढून होल्डरमध्ये बसवा आणि स्टेम परत आत सरकवा, म्हणजे काटे फिरवता येतील.

काटे बारावर एकावर एक आणा. डायलवर पातळ प्लास्टिक ठेवा, त्याला मधोमध कापलेली खाच असली की ते काट्यांच्या खाली जातं. दोन्ही बाजूंनी काटे काढायचे लिव्हर सारख्या जोराने दाबले की काटा सरळ वर उचलला जातो. एकाच बाजूने उचकटला तर सेकंद काट्याची नळी वाकते किंवा खालची बारीक पिवट (चाकाच्या दांड्याचं टोक) तुटते. मधला सेकंद आधी, मग मिनिट आणि तास काटा सोबत. ज्या घड्याळांत सहाजवळ छोटा सेकंद असतो, तिथे त्या काट्याखाली लिव्हर जायला जागाच नसते. तिथे डायलचे स्क्रू सोडवून डायल अगदी हळू, समांतर वर उचलायची, म्हणजे डायलच त्या काट्याला वर ढकलते. घाई केली तर फोर्थ व्हीलची (तो काटा फिरवणाऱ्या चाकाची) पिवट वाकलीच म्हणून समजा.

डायलचे स्क्रू बहुतेक जुन्या स्विस मशीनच्या कडेला आडवे असतात. डावीकडे एक-दोन फेऱ्या, बस. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, कारण हे स्क्रू फार लहान आणि मऊ असतात, खाच एकदा झिजली की पुढे काम अडतं. डायल निघाली की स्क्रू पुन्हा हलके आत घ्या, नाहीतर तेच हरवतात.

इथे एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. अवर व्हीलवर बशीसारखी वाकलेली पितळी पातळ चकती असते का? तिला डायल वॉशर म्हणतात. ती पुष्कळदा जुन्या डायलच्या पाठीला चिकटून निघते आणि कचऱ्यात जाते. ती नसली की अवर व्हील वर-खाली हलतं, त्याचे दाते सुटतात आणि तास काटा मागे पडतो. घड्याळ ‘अर्धा तास मागे’ किंवा ‘कधी बरोबर, कधी चूक’ अशी तक्रार डायल बदलल्यावर आली, तर आधी या चकतीचा तपास करा. सगळ्या मशीनला ती नसते, म्हणून आधीच फोटो काढून ठेवलेला बरा.

नवी डायल बसवताना दोन्ही पाय भोकांत शिरले की फक्त पायांच्या जवळच्या कडेवर बोटाच्या रबरी टोपीने दाबा. मधोमध दाबायचं नाही, गोल फिरवायचं तर अजिबात नाही. पाय तांब्याचे आणि मऊ असतात, फिरवलं की बुडातून तुटतात. पाय किंचित वाकला असेल तर चिमट्याने बुडाशी धरून, वरचा भाग थोडा थोडा सरळ करा. दोनदा-तीनदा मागे-पुढे केला की तुटेल. स्क्रू आवळण्याआधी डायल सगळीकडे सपाट टेकली आहे ना, ते बाजूने बघा. पाय पूर्ण आत गेले नसताना आवळलं तर डायलला पोक येतो आणि तास काटा नेमक्या त्या ठिकाणी घासून थांबतो.

काटे बसवताना तारीख आपल्याला मार्ग दाखवते. चावी फिरवत रहा, तारीख ज्या क्षणी पलटते तिथे थांबा आणि तास काटा बरोबर बारावर ठेवा. मग मिनिट काटाही बारावर. आता चावी फिरवून तीन, सहा आणि नऊला मिनिट काटा बारावर येतो तेव्हा तास काटा नेमका पट्टीवर आहे का ते पाहा. तास काटा आणि डायल यांच्यात, आणि प्रत्येक दोन काट्यांच्या मध्ये, साध्या छपाईच्या कागदाचे दोन थर जातील एवढी जागा हवी, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर. वरच्या काट्याने काचेला शिवू नये. केस बंद करण्याआधी घड्याळ पूर्ण दिवस चालवा. डायल वर, डायल खाली, चावी खाली, अशा तिन्ही स्थितींत ठेवा आणि मध्यरात्रीचा तारीखबदल डोळ्यांनी पाहा.

धूळ उडवायला रबरी फुगा वापरा. तोंडाने फुंकू नका, लाळेचा एक ठिपका डायलच्या लॅकरवर (वरच्या चकचकीत थरावर) कायमचा डाग सोडतो. जुन्या छपाईला अल्कोहोल किंवा पेट्रोल लावलं तर अक्षरं पुसली जातात, आणि ती परत आणता येत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर): डायलचे पाय मशीनच्या भोकांशी जुळत नाहीत. घड्याळजी म्हणतात, पाय कापून डबल साइड टेपने चिकटवतो. चालेल?

उत्तर: मूळ डायलचे पाय कधीच कापू नका. डायल नक्कल किंवा स्वस्तातली असेल तर, आणि तुम्हाला घड्याळ फक्त वापरायचं असेल तर, खास यासाठी मिळणाऱ्या पातळ चिकट ठिपक्यांनी काम भागतं. ते मशीनच्या पक्क्या पत्र्यावर, कडेला लावायचे. तारखेच्या चकतीला शिवले तर तारीख अडकते. चिकट थरामुळे डायल थोडी वर येते, म्हणून काट्यांची उंची पुन्हा तपासा. उन्हाळ्यात चिकट मऊ होतो आणि डायल एक-दोन अंश फिरते, म्हणजे बारा वाजता काटे बाराच्या शेजारी दिसतात. सुपर ग्लू मात्र नकोच: त्याची वाफ डायलवर पांढरी बुरशीसारखी साय धरते.

तुटलेल्या पायाच्या जागी नवा झाळता येतो, पण उष्णता पुढच्या लॅकरपर्यंत पोचली की फोड येतात. ज्याच्याकडे त्यासाठीचं खास यंत्र आहे त्याच्याकडेच द्या.

प्रश्न (नाशिक): पिवळ्या डायलचं सेको क्रोनोग्राफ घेतलं. मागच्या झाकणावर ६१३९-६००२ आहे, डायलवर मात्र ६१३९-६००९. आकडे वेगळे म्हणजे डायल बदललेली का?

उत्तर: नाही, इथे निर्धास्त राहा. सेकोमध्ये झाकणावरचा आकडा केसचा आणि डायलवर सहाखाली बारीक छापलेला आकडा डायलचा. दोन्हींत जुळायला हवेत ते पहिले चार आकडे, म्हणजे मशीनचा क्रमांक ६१३९. पुढचे वेगळे असणं कारखान्यातलंच आहे. तुमच्या मॉडेलला ‘पोग’ म्हणतात, कारण अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ मध्ये निघालेल्या स्कायलॅब ४ मोहिमेत असं घड्याळ नेलं होतं.

तपासायचं आहे ते दुसरंच. झाकणावरच्या सहा आकडी क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला इंग्रजी ओ, एन, डी). दशक मॉडेलवरून कळतं. सुरुवातीच्या डायलांवर पाण्याबाबत ‘प्रूफ’ लिहीत, मग ‘रेझिस्ट’ आलं आणि पुढे ते शब्दच गेले. झाकण १९७६ चं आणि डायलवर ‘प्रूफ’ असेल, तर डायल दुसऱ्या घड्याळाची किंवा नक्कल. या मॉडेलच्या नकला भरपूर आहेत. त्यांत पिवळा रंग हिरवट झुकतो, किरणांसारखी चमक सपाट वाटते आणि सहाजवळच्या छोट्या डायलची वर्तुळं उथळ दिसतात.

प्रश्न (औरंगाबाद): एचएमटी जनता निळ्या-केशरी डायलमध्ये मिळतं आहे. विकणारा ‘कंपनीची सर्व्हिस डायल’ म्हणतो.

उत्तर: जवळजवळ नक्कीच ती रिडायल आहे. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरूत सुरू झालेल्या या कारखान्याने ‘जनता’ साध्या, शांत डायलांत काढलं. भडक दोनरंगी डायल, जाड अक्षरं, वेगळ्याच मॉडेलचं नाव हे सगळं नंतरच्या रंगकामाचं लक्षण. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे नाव वाचताना आपल्याला वाईट वाटतं, कारण आत दडलेलं मशीन बहुधा उत्तम असतं. रंग आवडला तर रिडायलच्या भावात घ्या. मूळ डायल हवी असेल तर डागाळलेली पण अस्सल डायल असलेलं घड्याळ शोधा. डाग चालतात.

प्रश्न (सातारा): आजोबांच्या वेस्ट एंड घड्याळाच्या डायलवरचं ‘रेडियम’ तपकिरी झालंय. खरवडून नवं भरू का? की डायलच बदलू?

उत्तर: आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही ठिपक्याला ‘रेडियम’ म्हणतात, पण आजोबांच्या काळातल्या या घड्याळात ते बहुधा खरंच रेडियम आहे. ते चमकत नाही याचा अर्थ संपलं असा नाही. रेडियम किरणोत्सर्गी आहे आणि त्याचं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचं आहे. विझला आहे तो त्यात मिसळलेला, प्रत्यक्ष चमकणारा झिंक सल्फाइड. खरवडलं तर जी धूळ उडते ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते, खरा धोका तोच. खरवडू नका, फुंकू नका, काच उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवू नका.

काच घट्ट असेल आणि ठिपके झडत नसतील तर घड्याळ आहे तसं ठेवा. झडत असतील तर रेडियमची सवय असलेल्या कारागिराकडून डायल आणि काटे काढून घ्या, झाकण घट्ट लागणाऱ्या डबीत चिठ्ठीसह बंद करा आणि डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी, हवेशीर जागी ठेवा. त्या जागी न चमकणारी डायल लावा. काटे बदलायला विसरू नका, सगळ्यात जाड थर पुष्कळदा त्यांच्यावरच असतो.

प्रश्न (लंडन): वडिलांचं १९७० च्या दशकातलं रोलेक्स सबमरिनर ५५१३ सर्व्हिसला दिलं, तर डायल आणि काटे बदलावे लागतील असं सांगितलं. संमती द्यावी का?

उत्तर: पाणबुड्याचं घड्याळ म्हणून रोज वापरायचं असेल तर बदलण्याला कारण आहे. आठवण किंवा संग्रह म्हणून ठेवायचं असेल तर नाही म्हणा. त्या मॅट काळ्या डायलवर सहाखाली ‘स्विस – टी<२५’ असेल, म्हणजे २५ मिलिक्युरीपेक्षा (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) कमी ट्रिशियम. हे ठिपके आता पिवळट मलईच्या रंगाचे झाले असतील आणि संग्राहक नेमका तोच रंग शोधतात. बदललेल्या डायलवर नुसतं ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ येतं आणि ठिपके पांढरेशुभ्र दिसतात. विकायच्या वेळी किंमतीत मोठा फरक पडतो.

संमती देण्याआधी कागदावर लिहून घ्या की डायल, काटे, बेझलचा इन्सर्ट (काचेभोवतीच्या कड्यातली आकड्यांची चकती) यांपैकी काहीही विचारल्याशिवाय बदलायचं नाही, केसला पॉलिश करायचं नाही, आणि काही बदललंच तर जुना भाग परत मिळेल. काही सर्व्हिस केंद्रं जुना भाग परत देत नाहीत, बदल्यात घेतात. तसं असेल तर घड्याळ तिथे देऊ नका. नुसती मशीनची सफाई आणि तेलपाणी करणारा चांगला स्वतंत्र घड्याळजी शोधा. डायल बदललीच तर काटेही सोबत बदला आणि मूळ जोडी एका डबीत एकत्र ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या डायलवर पिवळट काटे हेच उद्या कोणाही जाणकाराच्या नजरेत पहिल्यांदा भरेल. त्या डबीवर घड्याळाचा सीरियल क्रमांक लिहा, तो सहाकडच्या लग्जच्या (पट्टा अडकवायच्या कानांच्या) मध्ये, पट्टा काढल्यावर दिसतो.